देवाला वाहिलेले गीत कुणाचे?

कोणत्याही ख्रिस्तमंदिरातील गायकवृंदाची फाईल उघडून पाहावी. तीत काही पाने हाताने लिहिलेली असतात, बरीचशी झेरॉक्स केलेली असतात आणि अलीकडे त्यांच्या जोडीला मोबाईलवर फिरत आलेली छायाचित्रे असतात. पानाच्या माथ्यावर 'प्रवेशगीत' किंवा 'अर्पणगीत' असे ठळक लिहिलेले असते. पट्टी कोणती, ठेका कोणता, हेही कुणीतरी पेन्सिलीने नोंदवलेले असते. शब्द कुणाचे आणि चाल कुणाची, ही जागा मात्र बहुधा कोरी असते.

याबद्दल विचारले तर सहज उत्तर मिळते, "देवाच्या कामासाठीच तर वापरतो ना! त्यात परवानगी कसली आणि पैसे कसले?" असे म्हणणारी माणसे लबाड नसतात. दिवसभराची नोकरी करून रात्री सरावाला येणारी, प्रसंगी पदरमोड करून पेटी दुरुस्त करून आणणारी ती भली माणसे असतात. म्हणूनच त्यांचे उत्तर हसण्यावारी न नेता तपासून पाहायला हवे. एखादी वस्तू देवाच्या कामी लावली, म्हणजे ती कुणाची हा प्रश्न मिटतो काय?

ख्रिस्तमंदिराच्या दुरुस्तीला आलेल्या गवंड्याची मजुरी 'देवाचे काम' म्हणून कुणी बुडवत नाही. मेणबत्त्या, फुले, मांडव, लाऊडस्पीकर यांचे पैसे आपण बिनतक्रार चुकते करतो. गीताच्या बाबतीतच आपला हात आखडतो. कारण गीताला वजन नाही, ते हातात धरता येत नाही आणि ते घेतल्याने कुणाचे काही कमी झालेले दिसत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी उपसले तर विहीर खाली जाते. गीत हजार वेळा गायले तरी ते संपत नाही. मग त्यात चोरी ती कोणती, असे मनाला वाटते. या वाटण्याचाच आज आपण थोडा विचार करू या.

एका गीतात किती जण असतात?

आधी वस्तुस्थिती समजून घेऊ. समजा, आपल्या धर्मग्रामातील एका शिक्षिकेने नाताळचे गीत लिहिले. एका तरुणाने त्याला चाल लावली. दुसऱ्या एका मुलीने ते गायले आणि एका हौशी गृहस्थाने स्वतःचे पैसे घालून स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण केले. आपल्या कानांना हे एकच गीत आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र येथे चार निरनिराळे हक्क आहेत. शब्दांवरचा हक्क शिक्षिकेचा, चालीवरचा त्या तरुणाचा, गायनाबद्दलचा त्या मुलीचा आणि ध्वनिमुद्रणावरचा पैसे घालणाऱ्या गृहस्थाचा. यांपैकी एकाने 'वापरा' म्हटले, तरी बाकीच्या तिघांनी तसे म्हटलेले नसते.

आपल्या देशात हे सारे १९५७ च्या कॉपीराईट कायद्याने ठरते. स्वामित्वहक्क मिळवण्यासाठी सरकारदरबारी नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. गीत कागदावर उतरले की तो हक्क जन्माला येतो. नोंदणी केली तर पुढे वाद झाल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, इतकेच. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होते. त्या सुमारास ती वाढवण्यात आली.

गीताचे भाषांतर आणि रूपांतर करण्याचा हक्कही मूळ कर्त्याकडेच असतो. इंग्रजी भक्तिगीत मराठीत आणणे किंवा एखाद्या गाजलेल्या हिंदी सिनेमाच्या चालीवर नाताळचे शब्द बसवणे आपल्याकडे सर्रास चालते. शब्द आपले असले, तरी चाल दुसऱ्याची असते, हे त्या वेळी विसरले जाते.

मिस्सेत गाणे गुन्हा आहे काय?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, नाहीतर विनाकारण भीती पसरेल. कायद्याच्या ५२ व्या कलमात काही अपवाद दिलेले आहेत. त्यांत खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीमध्ये होणाऱ्या गायन-वादनाचा समावेश आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभही या सवलतीत धरावेत, असे तेथेच स्पष्टीकरण आहे. केंद्र सरकारच्या संबंधित खात्याने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून याची आठवणही करून दिली होती. तरीही या सवलतीची हद्द नेमकी कोठे संपते, यावरून न्यायालयांत वाद होतच असतात. हौशी मंडळींनी पैसे न घेता श्रोत्यांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या कार्यक्रमालाही या कलमात सवलत आहे.

म्हणजे उपासनेत गाणे ही एक गोष्ट झाली. त्याच गीताची पुस्तिका छापून विकणे, दुसऱ्याच्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटणे, गीताची सीडी काढणे किंवा ते चित्रफितीसह यूट्यूबवर टाकणे या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना ती सवलत आपोआप लागू होत नाही. देवळाच्या अंगणात लावलेला आंबा प्रसादाला चालतो, म्हणून त्याची पेटी भरून बाजारात नेता येत नाही, तसेच हे आहे.

पण कायदा काय म्हणतो हा आपला खरा प्रश्न नाही. कायदा जेथे थांबतो, तेथून विवेकबुद्धीचे काम सुरू होते.

शिकागोतील खटला

अमेरिकेत घडलेले एक प्रकरण येथे आठवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचे संविधान मंजूर केले आणि लोकभाषेतील उपासनेला दार उघडले. आपल्याकडे मराठी गीतांची गरज भासू लागली, तशी तेथे इंग्रजी गीतांची भासली. एफ. ई. एल. पब्लिकेशन्स नावाच्या एका प्रकाशनसंस्थेने नव्या कवींची आणि संगीतकारांची गीते छापायला सुरुवात केली. शिकागोच्या दक्षिण भागात सेवा करणाऱ्या फादर पीटर शोल्ट्स यांचे एक गीत त्यांत होते. ख्रिस्ती माणसे त्यांच्या परस्परप्रेमावरून ओळखली जातील, असा त्याचा आशय. ते गीत जगभर गेले.

गीते लोकप्रिय झाली, तशी झेरॉक्स यंत्रेही धर्मग्रामांच्या कार्यालयांत पोचली. एक पुस्तक विकत घ्यायचे आणि शेकडो प्रती काढायच्या, असे सुरू झाले. त्यावर तोडगा म्हणून प्रकाशकाने वर्षाला १०० डॉलरचा परवाना काढला. तो घेतला की धर्मग्रामाला त्यांची गीते वर्षभर छापून घेता येत. काहींनी तो घेतला, काहींनी घेतला नाही. अखेर १९७६ साली प्रकाशकाने शिकागोच्या धर्मप्रांतावर खटला भरला. १९८४ मध्ये ज्यूरीने ३० लाख डॉलरहून अधिक भरपाई देण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी अपिलात त्यातला फार मोठा भाग रद्द झाला. पुढे अमेरिकेत एकाच वार्षिक परवान्यात अनेक प्रकाशकांची गीते वापरता येतील, अशी व्यवस्था उभी राहिली.

खटला कोण जिंकले आणि कोण हरले, हे येथे फारसे महत्त्वाचे नाही. विचार करायला लावते ती दुसरीच बाब. ज्या गीतांनी भाविकांना परस्परप्रेम शिकवले, त्याच गीतांवरून ख्रिस्तसभेची माणसे वकिलांमार्फत एकमेकांसमोर उभी राहिली. धर्मग्रामांनी कुणाचे वाईट चिंतले नव्हते. ज्या माणसाला आपण कधी पाहिले नाही, त्याचेही घर चालवायचे असते, इतके साधे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

'फुकट द्या' हे कुणाला सांगितले?

येथे काही जण पवित्र शास्त्राचा आधार घेतील. देवाने कला फुकट दिली, म्हणून ती फुकटच वाटावी, असे ते म्हणतील. येशूने बारा शिष्यांना पाठवताना जे फुकट मिळाले ते फुकट देण्याची आज्ञा केली, ही गोष्ट खरी आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, आठव्या ओवीत ती आहे. पण आपण तेथेच थांबू नये. आणखी दोनच ओव्या पुढे जावे. तेथे तोच येशू म्हणतो की, काम करणाऱ्याला त्याच्या पोटापुरते मिळालेच पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानात तर त्याने मजुरी हाच शब्द वापरला आहे.

मग या दोन वचनांचा मेळ कसा बसवायचा? मला वाटते, ती कुणाला उद्देशून आहेत हे पाहिले की गाठ सुटते. फुकट देण्याची आज्ञा देणाऱ्याला आहे. मजुरीचा नियम घेणाऱ्यांना बांधतो. गीतकाराने स्वतःला विचारावे, 'मी किती उदार होऊ?' गायकवृंदाने स्वतःला विचारावे, 'आम्ही याचे काय देणे लागतो?' आपल्याकडून नेमकी उलटापालट होते. गीतकाराने उदार व्हावे, असे गायकवृंद ठरवतो, आणि आपले देणे किती याचा विचार कुणीच करत नाही. मराठीत याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. तुळशीपत्र ठेवल्याने दान झाले खरे, पण घर हलवायाचे होते.

संत पौलाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो आपला हक्क आधी ठासून मांडतो. शुभवर्तमान सांगणाऱ्याचा निर्वाह त्या कामावर व्हावा, असे तो शेतकऱ्याचे, मेंढपाळाचे आणि सैनिकाचे दाखले देऊन सांगतो. एवढे सिद्ध केल्यावर मग तो म्हणतो की, मी स्वतः मात्र हा हक्क बजावला नाही. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. हक्क नाकारून त्याने त्याग केला नाही. हक्क आहे हे दाखवून, मग स्वखुशीने तो सोडला. जो हक्क कुणी मानतच नाही, तो सोडण्यात कसला त्याग? म्हणून गीतकाराचा हक्क मान्य करणे हे त्याच्या दातृत्वाच्या आड येत नाही. त्याला दाता होण्याची संधी त्यामुळेच मिळते.

दुसरी बाजूही ऐकू

आता याच्या उलट बाजूचाही प्रामाणिकपणे विचार करायला हवा. गीत निर्माण करणारा एकट्याने ते निर्माण करतो काय? सात सूर कुणी शोधून विकत घेतलेले नाहीत. राग, ठेके, ओवीची चाल, लग्नघरात आज्यांच्या ओठांवर राहिलेली गाणी यांचा शिधा घेऊनच प्रत्येक नवा संगीतकार आपली चूल पेटवतो. त्याची भाषा त्याच्या आईकडून आलेली असते. स्तोत्रसंहितेतील प्रतिमा तर साऱ्या ख्रिस्तसभेच्या. इतके उसने घेतलेल्याने आपल्या गीताभोवती कायमचे कुंपण घालावे, हे योग्य नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवणही मालकीहक्काला सर्वोच्च मानत नाही. वस्तूंचा ताबा एकेकाकडे असावा, पण त्यांचा उपयोग सर्वांसाठी आहे हे मालकाने विसरू नये, असे संत थॉमस अक्वायनस यांनी मांडले. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सर्चेन्स' या परिपत्रकात मालमत्तेचा हक्क सर्वांच्या उपभोगाच्या हक्काखाली येतो, असे सांगितले. परमगुरू सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या 'कारितास इन व्हेरिताते' मध्ये बौद्धिक मालकीचा हट्ट अतिरेकी झाला तर गरिबांचे नुकसान होते, असा इशारा दिला. त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः औषधोपचार होते, पण तत्त्व सर्वत्र लागू पडते.

स्वामित्वहक्काला मुदत असते, त्यामागे हाच विचार आहे. काही काळ गीत कर्त्याचे आणि त्याच्या मुलाबाळांचे, त्यानंतर साऱ्या जगाचे. लोकगीतांचेही तसेच. परंपरेने आलेल्या लग्नगीताचे कुणी ध्वनिमुद्रण केले, तर त्या ध्वनिमुद्रणावर त्याचा हक्क असतो. त्याने नवी वाद्ययोजना केली असेल, तर त्या नव्या भागापुरता दावा तो सांगू शकतो. मूळ गाण्यावर नाही. आज्यांकडून ऐकलेले गाणे 'माझे' म्हणून छापणारा गीतकारही तितकाच दोषी आहे, जितका गीतकाराचे नाव पुसणारा गायकवृंद.

म्हणजे दोन्ही बाजूंना देणे आहे. गीतकार परंपरेचे देणे लागतो. समाज गीतकाराचे देणे लागतो. एकाचे देणे दाखवून दुसऱ्याचे माफ होत नाही.

मजुरीचा प्रश्न

आपल्या देशातील गीतकार-संगीतकारांना हे देणे मिळवण्यासाठी फार काळ झगडावे लागले. त्यांचे मानधन वसूल करण्यासाठी 'इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटी' ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत किंवा संगीत करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्यावरचा पहिला हक्क निर्मात्याचा. एकदा ठरावीक रक्कम हातात पडली की गीतकाराचा संबंध संपला. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले, तरी त्याच्या घरी काही येत नसे.

त्याआधी, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला, लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात याच प्रश्नावरून मतभेद झाले होते. ध्वनिमुद्रिका विकली जाते तेव्हा त्यातला वाटा गायकालाही मिळावा, असे लताबाईंचे म्हणणे होते. ठरलेले पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे रफीसाहेबांना वाटत होते. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. दोघांपैकी कुणालाही लोभी किंवा अडाणी म्हणता येणार नाही. रफीसाहेबांच्या म्हणण्यात एका सज्जन माणसाची अलिप्तता होती. परंतु स्वतःपुरते सोडून देणे आणि साऱ्या गायकांच्या वतीने सोडून देणे यांत अंतर आहे. ज्याचे घर भरलेले आहे त्याला सोडणे जमते. कोरसमध्ये उभ्या राहणाऱ्या गरीब गायकाला ते परवडत नाही. लताबाईंची मागणी त्याच्याही कामाची होती.

गायकांच्या हक्काला १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात जागा मिळाली. पुढे २०१२ साली संसदेने मोठी दुरुस्ती केली. राज्यसभेचे तेव्हाचे सदस्य गीतकार जावेद अख्तर यांनी तिचा हिरिरीने पाठपुरावा केला. त्यानुसार गीतकाराने किंवा संगीतकाराने आपला हक्क दुसऱ्याला लिहून दिला, तरी पुढे मिळणाऱ्या रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. चित्रपटगृहात सिनेमासोबत गाणे दाखवणे तेवढे याला अपवाद आहे. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गीतांनाही हा नियम लागू आहे, म्हणून नाताळच्या किंवा मारियामातेच्या भक्तिगीतांची सीडी काढणाऱ्या आपल्या तरुणांनी तो लक्षात ठेवावा. वाटा सोडल्याची सही कुणी घेतली तरी ती टिकत नाही. आपल्या वारसांना किंवा अधिकृत कॉपीराईट संस्थेला तेवढा तो देता येतो.

येथे कायद्याने एक खोल गोष्ट मान्य केली आहे. गरजेपोटी माणूस कशावरही सही करतो. म्हणून केवळ दोघांनी कबूल केले एवढ्याने करार न्याय्य ठरत नाही. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' मध्ये कामगारांच्या मजुरीबद्दल हेच सांगितले होते. गीतकारापर्यंत ते पोचायला आपल्या देशात १२१ वर्षे लागली!

आपल्यात गीते लिहिणारी, चाली बांधणारी मुले-मुली आहेत. त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गीत पूर्ण झाले की त्याखाली नाव आणि तारीख घाला. शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल, तर कुणाचा वाटा किती, हे मैत्री गोड असतानाच कागदावर लिहून ठेवा. 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द असलेल्या कागदावर घाईने सही करू नका. हक्क देणारा करार लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता. परवाना देणे आणि हक्क विकणे यांतला फरकही ओळखा. परवाना म्हणजे घर भाड्याने देणे. हक्क लिहून देणे म्हणजे घराचे खरेदीखत करणे. आणि गीत देवाला व समाजाला फुकट द्यावेसे वाटत असेल, तर जरूर द्या. मात्र तेही लिहून द्या. 'उपासनेत गाण्यास सर्वांना मुभा आहे. विक्रीसाठी विचारावे' एवढे एक वाक्य पुरेसे आहे. त्याने देणाऱ्याचे मन मोकळे राहते आणि घेणाऱ्याचेही.

नावाचा प्रश्न

पैशाहून नाजूक प्रश्न नावाचा आहे. जगातील सर्वांत परिचित नाताळगीत 'स्टिले नाख्ट' म्हणजे 'सायलेंट नाईट' याची कथा त्यासाठी सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रियातील तरुण धर्मगुरू फादर योसेफ मोर यांनी त्याचे शब्द १८१६ साली लिहिले. साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी शाळामास्तर आणि ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रुबर यांनी चाल बांधली आणि त्याच रात्री दोघांनी गिटारच्या साथीवर ते गायले. एका ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिराबरोबर गीत तिरोल प्रांतात गेले आणि फिरत्या गायक कुटुंबांनी ते देशोदेशी नेले. छापले गेले तेव्हा त्यावर दोघांचीही नावे नव्हती. ही चाल कुणा थोर संगीतकाराची असावी, असे लोक मानू लागले.

फादर मोर १८४८ मध्ये वाग्राइन या डोंगराळ गावी निर्धन अवस्थेत वारले. आपले गीत किती दूर पोचले, याचे श्रेय त्यांना हयातीत मिळाले नाही. १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारी गायकवृंदाने मूळ कर्त्याची चौकशी केली, तेव्हा वृद्ध ग्रुबर मास्तरांनी ३० डिसेंबरला सारी हकीकत लिहून कळवली. ती लिहिताना शब्द फादर मोरांचे आहेत, हे सांगायला ते विसरले नाहीत. तरीही शंका घेणारे होतेच. १९९५ मध्ये फादर मोरांच्या हातचे जुने हस्तलिखित सापडले. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते की, शब्द माझे असून चाल ग्रुबर यांची आहे.

या दोघांनी गीताचे पैसे मागितले नाहीत. त्या गीताला आज कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण त्या गरीब धर्मगुरूने आपल्या मित्राचे नाव कागदावर न चुकता लिहिले आणि मित्राने त्याचे. फुकट देणारा माणूसही नाव मागू शकतो, आणि त्यात अहंकार असतोच असे नाही. नाव म्हणजे सत्य आहे. ज्याने लिहिले त्याने लिहिले, एवढेच ते सांगते. आपल्या कायद्यानेही याची दखल घेतली आहे. ५७ व्या कलमानुसार, हक्क विकून टाकला तरी 'हे माझे आहे' असे सांगण्याचा आणि आपल्या कृतीची आपली अब्रू जाईल अशी मोडतोड थांबवण्याचा कर्त्याचा हक्क शिल्लक राहतो. विकता येत नाही असे काहीतरी माणसाच्या निर्मितीत असते, हे येथे व्यवहारी कायदासुद्धा कबूल करतो. देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाच्या हातून काही निर्माण होते, तेव्हा त्यात त्याचा स्वतःचा अंश उतरतो, असे आपण ख्रिस्ती माणसे मानतो. मग नाव पुसताना आपला हात का थरथरू नये?

आपल्याला काय करता येईल?

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. गायकवृंदाने यंदा आपली फाईल काढून बसावे आणि प्रत्येक गीताखाली कवीचे व संगीतकाराचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर जुन्या जाणत्यांना विचारावे. नवी पुस्तिका काढताना हयात असलेल्या गीतकारांना आणि दिवंगतांच्या कुटुंबीयांना पत्र लिहून परवानगी घ्यावी. बहुतेक जण आनंदाने होकार देतील, पण विचारल्याचा आनंद वेगळा असतो. पुस्तिका विकली जाणार असेल, तर त्यातील काही वाटा त्यांच्यासाठी बाजूला काढावा. सणाच्या अंदाजपत्रकात मांडव आणि रोषणाईबरोबर 'गीतकारांचे मानधन' अशी एक ओळ असू द्यावी. रक्कम लहान असली तरी चालेल. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवण्यापेक्षा आपल्याच तरुणांकडून नवी चाल करून घ्यावी. यूट्यूबवर गीत टाकण्यापूर्वी शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींची परवानगी आहे ना, हे पाहावे. नावे तेथेही द्यावीत.

सातव्या आज्ञेचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा कुलूप फोडणारा चोर येतो. पण मजुरी थकवणाऱ्यांविषयी संत याकोबाने आपल्या पत्रात फार कठोर शब्द लिहिले आहेत. शेतात राबलेल्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडून दाद मागते, असे तो सांगतो. गीतकाराचे शेत कागदाएवढे असले, तरी राबणे तेच असते. देवाला वाहायचे ते आपले असावे, किंवा ज्याचे आहे त्याने ते आपल्या हाती राजीखुशीने ठेवलेले असावे. पुढच्या रविवारी गीत गाताना पानावर नजर टाकावी. तेथे नाव नसेल, तर ते शोधून लिहिण्याचे काम आपल्यापैकीच कुणीतरी अंगावर घ्यावे.